आजीव सेवेची प्रतिज्ञा, कुटुंब आणि बाहेर पडण्याचा हक्क : पुण्यातील सेवाव्रती संस्थांचा ऐतिहासिक अभ्यास (१८८० ते १९४०)

प्रस्तावना

संन्यास घेतलेला पुरुष पुन्हा संसारात परतला तर समाज त्याच्याशी कसा वागतो, या प्रश्नाचे महाराष्ट्राच्या स्मृतीतील सर्वांत ठळक उत्तर आळंदीचे आहे. परंपरेनुसार विठ्ठलपंतांनी पत्नीची खरी संमती नसताना काशीस जाऊन संन्यास घेतला आणि सत्य कळताच गुरूंनी त्यांना पुन्हा गृहस्थाश्रमात पाठविले. ज्या गुरूंनी दीक्षा दिली त्यांनीच परतण्याची आज्ञा केली. परंतु आळंदीच्या ब्रह्मवृंदाला ती मान्य झाली नाही. कुटुंब वाळीत टाकले गेले, मुलांच्या मुंजी अडल्या, माता-पित्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई या भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणचा रस्ता धरावा लागला. या कथेचा ऐतिहासिक तपशील कितपत ग्राह्य मानावा याविषयी मतभेद संभवतात. मात्र तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. व्रत मोडल्याची शिक्षा व्रत घेणाऱ्यापुरती थांबत नाही. ज्यांनी व्रत घेतलेलेच नसते त्यांनाही ती भोगावी लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात संन्यासाचे एक नवे, ऐहिक रूप उदयास आले. भगवी वस्त्रे न घेता, घरदार न सोडता, परंतु आयुष्याची उमेदीची वर्षे अल्प वेतनावर एखाद्या संस्थेस वाहून घेण्याची ही पद्धत होती. 'आजीव सभासद', 'आजीव सेवक' हे शब्द याच काळात मराठीत रूढ झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटी (१८८४), भारत सेवक समाज (१९०५) आणि निष्काम कर्म मठ (१९१०) ही या परंपरेची तीन प्रमुख उदाहरणे होत. या संस्थांच्या ध्येयवादाविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. मात्र सेवकाचे कुटुंब आणि संस्था यांच्यात ओढाताण झाली तेव्हा काय घडले, तसेच जे बाहेर पडले त्यांच्याशी संस्था कशा वागल्या, या अंगाने त्यांचा एकत्रित विचार क्वचितच झालेला दिसतो. प्रस्तुत निबंधात हा विचार तीन प्रश्नांच्या आधारे केला आहे : सेवकाच्या कुटुंबाची तरतूद कोणी व किती करावी? बाहेर पडणाऱ्यास कोणती किंमत मोजावी लागली? आणि ज्या व्यक्तींनी प्रतिज्ञा घेतली नव्हती, विशेषतः सेवकांच्या पत्नींनी, त्यांच्या वाट्यास काय आले?

न्यू इंग्लिश स्कूल ते डेक्कन एज्युकेशन सोसायटी

२ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. पुढे वामन शिवराम आपटे आणि एम.ए.ची परीक्षा देऊन गोपाळ गणेश आगरकर त्यांना येऊन मिळाले. पदवीधराला सरकारी नोकरीत सहज मानाची जागा मिळण्याचा तो काळ होता. अशा वेळी या तरुणांनी जाणीवपूर्वक अल्प वेतन पत्करले. आगरकरांनी आपल्या आईस लिहिलेले पत्र महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. मुलाच्या मोठ्या परीक्षा झाल्या, आता मोठा पगार येईल ही आईची आशा त्यांना ठाऊक होती; आणि पोटापुरते मिळवून उरलेला वेळ परहितार्थ घालविण्याचा निश्चय त्यांनी तिला आधीच कळवून टाकला. सेवाव्रती चळवळीच्या आरंभीच कुटुंबाची अपेक्षा आणि संस्थेचे ध्येय यांचा हा सामना उभा आहे, याची नोंद घेणे आवश्यक आहे.

विष्णुशास्त्री १८८२ मध्ये निधन पावले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. आजीव सभासदाने वीस वर्षे सेवा करावी आणि दरमहा ७५ रुपये वेतन घ्यावे, असा दंडक पडला. संस्थापकांसमोर जेसुइट पंथाचा आदर्श होता. १५४० मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या या ख्रिस्ती संघाने शिक्षणाचे जाळे उभे केले ते निष्कांचन, आज्ञाधारक आणि एकदिलाने काम करणाऱ्या सभासदांच्या बळावर, ही गोष्ट टिळकांना विशेष महत्त्वाची वाटे. मात्र या तुलनेत एक मूलभूत अडचण होती. जेसुइट ब्रह्मचारी होते, तर पुण्यातील आजीव सभासद संसारी होते. जेसुइटाच्या दारिद्र्याचा भार तो एकटा वाहतो. संसारी माणसाच्या दारिद्र्यात पत्नी, मुले आणि वृद्ध माता-पिता आपोआप वाटेकरी होतात. मठाचा नियम गृहस्थाला लावला की त्याचा अर्थच बदलतो. सोसायटीतील पुढील संघर्षाचे बीज येथेच आहे.

१८८७ ते १८९० : वेतनाचा वाद

टिळक आणि आगरकर यांच्यातील बेबनाव सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावरून झाला, असे सामान्यतः सांगितले जाते. 'केसरी'च्या संपादकपदावरून आगरकर १८८७ मध्ये दूर झाले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला, हे पाहता त्या मतात तथ्य आहेच. परंतु सोसायटीच्या अंतर्गत व्यवहारात अधिक धुमसत असलेला प्रश्न वेतनाचा होता. काही सभासदांचे म्हणणे असे की, संस्थेची स्थिती सुधारत असताना सभासदांचे वेतन थोडे वाढावे, निदान ज्यांच्या कौटुंबिक गरजा मोठ्या आहेत त्यांची सोय व्हावी. टिळकांची भूमिका याउलट होती. सर्वांचे वेतन समान असावे, वाढीचा मोह टाळावा, सभासदाची सारी शक्ती संस्थेकडेच यावी आणि बाहेरच्या अर्थार्जनाला मुभा नसावी, असा त्यांचा आग्रह होता. एखाद्या सभासदाची खरोखरच निकड असेल तर अपवाद म्हणून मदत करावी, पण तत्त्व म्हणून वाढ देऊ नये, असा या भूमिकेचा सारांश सांगता येईल.

या वादात कोण त्यागी आणि कोण स्वार्थी, अशी विभागणी करण्याचा मोह होतो. तो टाळून दोन्ही पक्षांची आर्थिक पार्श्वभूमी पाहणे इष्ट ठरेल. टिळकांना वडिलार्जित मिळकतीचा काही आधार होता. आगरकर कऱ्हाडजवळील टेंभूचे. त्यांचे शिक्षण माधुकरी, पडेल ते काम आणि शिष्यवृत्ती यांवर झालेले. त्यांना दम्याचा विकार होता. समान वेतन घेणाऱ्या या दोघांचा त्याग समान होता काय? ज्याच्या पाठीशी घरची शेती किंवा ठेव आहे त्याला ७५ रुपयांत भागविणे हा साधेपणा असतो. ज्याच्या पाठीशी काहीच नाही त्याला तो रोजचा घोर असतो. समतेचा नियम विषम परिस्थितीत लावला की भार दुर्बलावर अधिक पडतो, हे तत्त्व अर्थशास्त्रात करआकारणीच्या संदर्भात परिचित आहे. सोसायटीतील वाद हा त्याच तत्त्वाचा घरगुती आविष्कार होता. दुसऱ्या बाजूने, टिळकांची भीतीही निराधार नव्हती. ग्रंथलेखन, शिकवण्या, वृत्तपत्रे आणि सार्वजनिक सभांची कामे यांत सभासद विभागले गेले तर संस्था ही केवळ एक नोकरी उरेल, हा धोका त्यांनी अचूक ओळखला होता. मात्र ते स्वतःही वृत्तपत्राच्या कामात गुंतले होते, हे त्यांच्या प्रतिपक्षाने दाखवून दिले नसते तरच नवल.

१८९० मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, त्यावरून हा वाद शिगेला पोहोचला. ऑक्टोबर १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरमध्ये त्याची सविस्तर कारणमीमांसा सादर केली. स्वतः उभारलेल्या संस्थेतून बाहेर पडताना झालेले दुःख त्या निवेदनात उघड आहे. लक्षणीय बाब अशी की, येथे संस्था सोडून गेला तो कुटुंबासाठी सवलत मागणारा पक्ष नव्हता. नियम अधिक कठोर असावा असे म्हणणारा सभासद बाहेर पडला आणि सवलत मागणारे आत राहिले.

टिळकांच्या निर्गमनानंतर काय घडले? त्यांच्याकडून दंड वसूल झाला नाही, वीस वर्षांची मुदत अपुरी राहिली म्हणून त्यांच्यावर दावा लावला गेला नाही, त्यांच्याशी बोलू नये असा हुकूम निघाला नाही. १८९१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' ही दोन्ही पत्रे कर्जासह त्यांच्याकडे आली आणि कायद्याच्या वर्गावर त्यांचा चरितार्थ चालू राहिला. वैर मात्र राहिले. ते वृत्तपत्रांच्या स्तंभांतून आणि सार्वजनिक सभेच्या राजकारणातून उघडपणे वाहत राहिले. १८९५ मध्ये सभेची सूत्रे टिळकपक्षाकडे गेली आणि पुढच्याच वर्षी रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा काढली. हा संघर्ष कडवट होता, पण तो दोन्ही बाजूंना बोलता येईल अशा मैदानात झाला. १७ जून १८९५ रोजी आगरकर वारले तेव्हा 'केसरी'त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच.

आगरकरांचे वय तेव्हा अवघे ३८ वर्षांचे होते आणि ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. आपल्या अंत्यविधीसाठी काही रुपये पुडीत बांधून त्यांनी बाजूला ठेवले होते, ही आठवण महाराष्ट्रात त्यांच्या निःस्पृहतेचा पुरावा म्हणून वारंवार सांगितली जाते. परंतु तीच आठवण यशोदाबाई आगरकरांच्या बाजूने वाचली तर तिचा अर्थ निराळा होतो. प्राचार्याच्या घरात अंत्यविधीचा खर्चही आधीच काढून ठेवावा लागतो, याचा अर्थ त्यामागे उरलेल्या संसारासाठी फारसे काही नव्हते. वेतनवाढीची मागणी करणारे आगरकर ध्येयापासून ढळले होते काय, या प्रश्नाचे उत्तर त्या पुडीत आहे.

कर्वे : दोन बहिष्कारांच्या मधोमध

टिळकांच्या जाण्याने गणित शिकविण्याची जी जागा रिकामी झाली तिच्यावर १८९१ मध्ये गोखल्यांच्या बोलावण्यावरून धोंडो केशव कर्वे आले. पुढच्या वर्षी ते आजीव सभासद झाले. मार्च १८९३ मध्ये त्यांनी शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. विवाहानंतर त्यांचे नाव आनंदीबाई झाले. या विवाहावर मुरूड गावाची प्रतिक्रिया बहिष्काराची होती. कर्व्यांशी संबंध ठेवणाऱ्या त्यांच्या आई-भावंडांनाही वाळीत टाकण्याचा धाक घालण्यात आला. आपल्या गावी, आपल्या आईच्या घरी जाणेही त्यांना अवघड झाले. जातीने 'संबंध तोड' म्हणून सांगितले आणि आईला मुलगा व समाज यांतून एक निवडावे लागले. विठ्ठलपंतांच्या कथेनंतर सहाशे वर्षांनी तंत्र तेच होते : दोषी ठरलेल्याला वाकविण्यासाठी त्याच्या आप्तांना वेठीस धरणे.

फर्ग्युसन महाविद्यालयाने मात्र कर्व्यांना दूर केले नाही. लोकनिंदेचा धोका असूनही ते आपल्या जागी राहिले आणि १९१४ पर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले. जातिसंस्था आणि नवी सेवाव्रती संस्था यांच्यातील हा फरक महत्त्वाचा आहे. पहिली माणसाचे संपूर्ण जीवन आपल्या ताब्यात मानत होती, तर दुसरीने निदान या प्रसंगी त्याचे काम आणि त्याचे घर वेगळे मानले.

१८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० मध्ये तो पुण्याजवळील हिंगणे येथे नेला. येथून कर्व्यांच्या कथेची दुसरी बाजू सुरू होते. त्यांनी आपली शिल्लक आश्रमास दिली. कुटुंबाच्या आधारासाठी उतरविलेल्या विम्याची रक्कमही त्यांनी संस्थेच्या स्वाधीन केली. आनंदीबाईंना ही गोष्ट किती लागली हे त्यांच्या 'माझे पुराण' या आत्मकथनात (१९४४) नमूद आहे. त्यांचे म्हणणे सरळ होते. देण्यास विरोध नाही, पण ज्यांच्या नावे ती तरतूद होती त्या मुलांचा आणि आपला विचार कोणी करावयाचा? पुढे कुटुंबाचा खर्च भागविण्यासाठी त्या स्वतः झटल्या आणि त्याच संस्थेसाठी वर्गणी गोळा करण्याचे कामही त्यांनी केले.

आश्रमाच्या धोरणातील विसंगती तर अधिकच बोलकी होती. सनातनी कुटुंबांनी आपल्या विधवा मुली निर्धास्तपणे पाठवाव्यात म्हणून कर्व्यांनी आश्रमाचा पुनर्विवाहाच्या चळवळीशी संबंध ठेवला नाही. परिणामी स्वतः पुनर्विवाहित असलेल्या आनंदीबाईंची आश्रमातील उपस्थिती अडचणीची ठरू लागली. आरंभीच्या काळात कुटुंब पुण्यात आणि कर्वे कॉलेज आटोपून पायी हिंगण्यास, असा क्रम चालला. ज्या विवाहाने या कार्याला चेहरा दिला, त्या विवाहातील पत्नीलाच कार्याच्या हितासाठी दूर राहावे लागले. येथे कोणी कोणाला छळले असे म्हणता येणार नाही. परंतु 'संस्था आधी, घर नंतर' हे सूत्र एकदा मान्य झाले की सद्‌हेतू असलेला माणूसही आपल्या निकटच्या माणसावर किती अन्याय करू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांचे चरित्र या संदर्भात पूरक ठरते. तरुणपणी विधवा झालेल्या आणि एका मुलाची जबाबदारी असलेल्या पार्वतीबाईंनी पुनर्विवाहाऐवजी आश्रमाचे कार्य निवडले, संस्थेसाठी गावोगाव निधी जमविला आणि पुढे अमेरिकेचाही प्रवास केला. 'माझी कहाणी' या त्यांच्या आत्मकथेत सेवा आणि मातृत्व यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न दिसतो. त्यांच्याबाबतीत प्रतिज्ञा घेणारी आणि तिचा भार वाहणारी व्यक्ती एकच होती. आनंदीबाईंच्या बाबतीत तसे नव्हते. दोघी बहिणींच्या कथनांतील सुराचा फरक या वस्तुस्थितीशी निगडित असावा.

१९१० मध्ये कर्व्यांनी निष्काम कर्म मठाची स्थापना केली. आश्रम आणि महिला विद्यालय यांना वाहून घेतलेले कार्यकर्ते मिळावेत हा तिचा हेतू होता. 'मठ' हा शब्द संन्यासपरंपरेतून घेतला असला तरी तेथील सेवक संसारी असू शकत होते. म्हणजेच जेसुइटांच्या आदर्शातील जुनी अडचण येथेही सोबत आलीच.

भारत सेवक समाज : कुटुंबाचा प्रतिज्ञेत उल्लेख

गोखल्यांनी १९०२ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्ती घेतली आणि १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्यांच्यासह नटेश आप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन यांनी प्रतिज्ञा घेतली. सात प्रतिज्ञांपैकी चौथी या निबंधाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. संस्था आपल्यासाठी आणि कुटुंब असल्यास त्याच्यासाठी जी तरतूद करू शकेल तिच्यात समाधान मानावे आणि स्वतःसाठी द्रव्यार्जन करण्यात शक्ती घालवू नये, असा तिचा आशय आहे. या प्रतिज्ञेत कुटुंबाचा स्पष्ट उल्लेख आला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतील वाद गोखल्यांनी जवळून पाहिला होता, हे लक्षात घेता या उल्लेखास योगायोग मानता येत नाही. पूर्ण सदस्यत्वापूर्वी पाच वर्षांचा शिक्षणकाल ठेवला होता. उमेदवाराला आपला निर्णय पारखून घेण्यास त्यामुळे अवधी मिळे. व्यक्तिगत भांडण करणार नाही, अशीही एक प्रतिज्ञा होती. जुन्या अनुभवाची छाया तिच्यावरही दिसते.

गोखल्यांच्या स्वतःच्या जीवनात कुटुंबाचे ऋण मोठे होते. वडील लवकर वारल्यावर थोरले बंधू गोविंदराव यांनी दरमहा १५ रुपयांच्या पगारातून ८ रुपये गोपाळरावांच्या शिक्षणासाठी पाठविले. ज्या भावाने उरलेल्या ७ रुपयांत संसार ओढला, त्याला गोपाळरावांच्या अल्प वेतनाच्या निर्णयाने काय वाटले असेल? सेवाव्रती पिढीच्या त्यागाला मराठी कुटुंबाने आधी केलेल्या त्यागाचे भांडवल पुरविले होते, आणि त्या भांडवलाची नोंद कोणत्याही संस्थेच्या अहवालात आढळत नाही.

समाजात येऊ पाहणारे आणि समाजातून बाहेर पडणारे यांच्याशी संस्थेचे वर्तन कसे होते? १९१५ मध्ये गोखल्यांच्या निधनानंतर महात्मा गांधींच्या प्रवेशाचा प्रश्न आला. कार्यपद्धतीविषयी सभासदांच्या मनात शंका होत्या. ते पाहून गांधींनी आपला अर्ज मागे घेतला. व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री आणि गांधी यांचे मतभेद पुढे तीव्र झाले, पण स्नेह तुटला नाही. १९१५ मध्ये दाखल झालेले इंदुलाल याज्ञिक दोन वर्षांत बाहेर पडले आणि होमरूल चळवळीकडे वळले. त्यांच्या पुढील राजकीय जीवनात या निर्गमनाने अडथळा आणला नाही.

आणखी एक उदाहरण ठाणे जिल्ह्याच्या इतिहासाशी जोडलेले आहे. गोदावरी गोखले या समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य होत. त्यांनी १९३९ मध्ये सहकारी शामराव परुळेकर यांच्याशी विवाह केला. दोघेही साम्यवादी विचारांकडे वळले आणि समाजातून बाहेर पडले. जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळच्या टिटवाळा येथे महाराष्ट्राच्या किसान सभेचे स्थापना अधिवेशन भरले आणि त्याच वर्षी तलासरी-उंबरगाव भागात वारली आदिवासींचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. या दोन्हींमागे परुळेकर दांपत्याचे कार्य होते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या परिसरापासून टिटवाळा हाकेच्या अंतरावर आहे. समाजातून बाहेर पडलेल्या या दोन सेवकांनी सेवेचे क्षेत्र सोडले नाही. त्यांनी फक्त संस्था बदलली. बाहेर पडणाऱ्यास 'पतित' ठरविणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेत ही शक्यता उरली नसती.

तुलनात्मक विचार

या उदाहरणांचे वेगळेपण विसाव्या शतकातील एका परदेशी संघटनेशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. अमेरिकेत एल. रॉन हबर्ड यांनी स्थापन केलेल्या सायंटॉलॉजी या पंथात १९६७ पासून 'सी ऑर्ग' नावाचा पूर्णवेळ सेवकांचा गट आहे. त्यात प्रवेश करणारा सेवक एक अब्ज वर्षांच्या सेवेच्या करारावर सही करतो. पुनर्जन्मावरील श्रद्धेचे ते प्रतीक असल्याचे पंथ सांगतो. सेवकांनी अपत्य होऊ देऊ नये, हा नियम १९८० च्या दशकापासून लागू झाला. मुदतीपूर्वी बाहेर पडणाऱ्याच्या नावे त्याने घेतलेल्या प्रशिक्षणाचे देयक लावले जाते. पंथाचा विरोधक ठरविलेल्या व्यक्तीशी नातलगांनी संबंध तोडण्याची प्रथाही आहे. हा ज्याचा-त्याचा स्वेच्छेचा निर्णय असतो, असे पंथाचे म्हणणे आहे. अनेक माजी सेवकांनी मात्र त्यामागील दडपणाची साक्ष दिली आहे. सक्तीची मजुरी करवून घेतल्याचा आरोप करणाऱ्या दोन माजी सेवकांचा दावा २०१२ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने मान्य केला नाही. सेवकांना बाहेर पडण्याची संधी होती, हा मुद्दा त्या निर्णयात महत्त्वाचा ठरला.

या मुद्द्यापाशी इतिहासाच्या अभ्यासकाने थांबणे आवश्यक आहे. दार उघडे असणे आणि दारातून बाहेर पडता येणे, या दोन गोष्टी एकच नव्हेत. मुरूडच्या घराचे दार कर्व्यांना कुलूप लावून बंद केलेले नव्हते. आत पाऊल ठेवल्यास आईला जात गमवावी लागेल, एवढी अटच पुरेशी होती. बाहेर पडण्याची किंमत नात्यांत वसूल केली जाते तेव्हा भिंतींची गरज राहत नाही. ही प्रथा परकीय नाही, हे महाराष्ट्राने कायद्यानेही मान्य केले आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये धार्मिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी त्यास आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. २०२३ मध्ये घटनापीठाने या निर्णयाच्या फेरविचाराचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविला. दरम्यान सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा स्वतंत्र कायदा केला आणि तो २०१७ पासून अमलात आला.

या पार्श्वभूमीवर पुण्यातील सेवाव्रती संस्थांचे मूल्यमापन करता येते. त्यांच्या प्रतिज्ञेस ठरावीक मर्यादा होती, मग ती वीस वर्षांची असो वा शिक्षणकालाने पारखलेली. वेतन अल्प असले तरी ते जाहीर होते. बाहेर पडणाऱ्याच्या माथी ऋण मारले गेले नाही. त्याच्याशी मतभेद झाले ते छापील आणि उघड स्वरूपात. मुख्य म्हणजे त्याच्या घरच्यांना त्याच्याविरुद्ध उभे करण्यात आले नाही. जातिबहिष्काराचा दाहक अनुभव ताजा असलेल्या समाजात, जातीतच वाढलेल्या माणसांनी अशा संस्था उभाराव्यात, ही लहान गोष्ट नव्हे.

निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, सेवाव्रती संस्थांतील संघर्ष हा केवळ विचारांचा किंवा स्वभावांचा नव्हता. संन्याशाचा नियम गृहस्थाला लावल्याने निर्माण झालेली ती रचनात्मक अडचण होती. दुसरा, समान वेतनाचा नियम त्यागाची समानता साधत नाही. ज्याच्या घरी आधार नाही त्याच्यावर तो अधिक भार टाकतो. कुटुंबाची गरज मांडणाऱ्यास स्वार्थी ठरविण्यापूर्वी हे तपासणे आवश्यक असते. तिसरा, संस्थेचे नैतिक आरोग्य ती सोडून जाणाऱ्यास कसे वागविते यावरून अधिक अचूक कळते, आणि या कसोटीस पुण्यातील संस्था बऱ्याच अंशी उतरल्या. चौथा निष्कर्ष मात्र या गौरवास मर्यादा घालतो. या प्रतिज्ञा बहुतांशी पुरुषांनी घेतल्या आणि त्यांची परतफेड स्त्रियांनी केली. यशोदाबाई आणि आनंदीबाई यांची संमती कोणत्याही ठरावात नोंदलेली नाही. त्यांना संस्थेतून बाहेर पडण्याचा हक्क नव्हता, कारण त्या कधी आत घेतल्याच गेल्या नव्हत्या.

महाराष्ट्रातील शिक्षणसंस्थांना हा इतिहास दूरचा नाही. या संस्थांच्या सभागृहांत आगरकर-कर्व्यांच्या तसबिरी लागतात आणि त्यांच्या त्यागाचा दाखला देऊन नव्या शिक्षकांकडून सेवाभावाची अपेक्षा केली जाते. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या अध्यापकाने घरच्या अडचणीपायी जादा वेतन मागितले किंवा अन्यत्र जाण्याचे ठरविले, तर त्याच्या निष्ठेविषयी कुजबूज होते. अशा वेळी स्मरणात ठेवावे की, ज्या आगरकरांचा दाखला दिला जातो ते स्वतः कौटुंबिक गरजेनुसार वेतन असावे असे म्हणणाऱ्या पक्षात होते. आगरकरांनी आपला त्याग स्वतः निवडला होता. तो दुसऱ्याकडून सक्तीने मागण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेस त्यांच्या तसबिरीमुळे प्राप्त होत नाही. सेवेची प्रतिज्ञा स्वेच्छेची राहावयाची असेल तर ती मोडण्याची मोकळीक, कुटुंबाची लेखी तरतूद आणि घरातील दुसऱ्या व्यक्तीची संमती या तीन गोष्टी तिच्यात आरंभापासूनच असणे अगत्याचे आहे.